टिंबांच्या रकान्यातली मराठी

‘हेक्स एडिटर? अहो, ते काम १९७१ सालीच उरकलं.’ टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एखाद्या मुक्तस्रोत हेक्स एडिटरवर आमच्याकडच्या, म्हणजे नांदेड-लातूरच्या, पोरांनी हात चालवावा असं म्हटलं की जाणत्या मंडळींकडून हे उत्तर हमखास येतं. सालात चूक नाही. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या, नोव्हेंबर १९७१च्या माहितीपुस्तकात ‘ओडी’ नावाची आज्ञा आहेच. फाइलीतला बाइट न् बाइट अष्टमान आकड्यांत पडद्यावर ओतणारी. मग बर्कलेच्या युनिक्समधलं हेक्सडम्प आलं. युर्गेन वायगर्ट यांचं एक्सएक्सडी आलं, ते आजही विम एडिटरच्या जोडीने येतं. पास्कल रिगो यांचं हेक्सएडिट आलं, डेव्हिड पीटर यांचं रंगीत हेक्सिल आलं, २०२१ साली होसे मार्केसी यांच्या जीएनयू पोकची पहिली आवृत्ती निघाली. एवढी रांग लागलेली असताना आपण कशाला नसती उठाठेव करायची, असा सवाल.

रांग लांब आहे, मान्य. पण काम उरकलं म्हणणाऱ्याने या रांगेतल्या कुठल्याही साधनात एक मराठी फाइल उघडून पाहावी.

ज्यांनी हेक्स एडिटर पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फाइल पत्राची असो, फोटोची असो की टीव्हीच्या बोर्डावरच्या चिपमधून काढलेली असो, पडद्यावर तीन रकाने दिसतात. डावीकडे पत्ता, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीपासून कितवा बाइट. मधे सोळा बाइट, एकेक दोन अंकी षोडशमान आकड्यात. ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. उजवीकडे तेच सोळा बाइट अक्षरांच्या रूपात. हेक्सडम्पची अशी ओळ मोजून ७८ घरांची होते, कारण जुन्या टर्मिनलची रुंदी ८० घरांची असायची. या तीन रकान्यांत खरी मदत करतो तो तिसरा. मधल्या आकड्यांवरून बोट फिरवत कुणी वाचत नाही. नजर आधी उजवीकडे जाते, तिथे ओळखीचा शब्द सापडला की मग आकड्यांकडे वळते. फाइल इंग्रजी असेल तर. मराठी असेल तर तिसऱ्या रकान्यात टिंबं येतात. हेक्सडम्पमध्ये टिंबं, एक्सएक्सडीत टिंबं, हेक्सएडिटमध्ये टिंबं. हेक्सिल तेवढं वेगळं, तिथे फुल्या येतात.

याचं कारण तांत्रिक आहे आणि मजेदारही आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, अनुस्वार असो की पाय मोडणारं चिन्ह असो, यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खातं. ‘क’ म्हणजे ई०, ए४, ९५. ‘लातूर’ हा शब्द ल, काना, त, दीर्घ उकार आणि र असा पाच चिन्हांचा, पंधरा बाइटांचा. सोळाच्या ओळीत बसतो आणि वर एक जागा उरते. ‘नांदेड’ सहा चिन्हांचा, अठरा बाइटांचा. पाच चिन्हं पहिल्या ओळीत मावतात, ‘ड’चा पहिला बाइट ई० ओळीच्या टोकाला लटकतो आणि ए४, ए१ हे उरलेले दोन खालच्या ओळीत जाऊन पडतात. (लातूर अखंड राहतं आणि नांदेड तुटतं हे वाचून विभागीय आयुक्तालयाचा वाद कुणी पुन्हा उकरू नये, सोळाला तीनने भाग जात नाही, एवढंच.) एक्सएक्सडीला ओळीत पंधराच बाइट दाखव असं सांगता येतं. तेही टिकत नाही, कारण मजकुरातली मोकळी जागा आणि स्वल्पविराम एकेकाच बाइटाचे असतात आणि दुसऱ्या शब्दापासून घडी विस्कटते. म्हणजे उजवा रकाना ओळीच्या पलीकडे पाहणारा हवा. तुटलेलं अक्षर कुठल्या ओळीत दाखवायचं याचा निर्णय घेणारा हवा. हे कुणी पॅरिसमध्ये किंवा बर्लिनमध्ये बसून आपल्यासाठी करील, ही अपेक्षाच चुकीची. त्यांना टिंबं दिसतच नाहीत. त्यांच्या फाइलींत ती क्वचित येतात.

इथे जाणता माणूस दुसरा डाव टाकतो. टर्मिनलला देवनागरी झेपत नाही, तो म्हणतो. जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते, एका प्रोग्रामच्या हिशेबाने काना एक घर घेतो आणि दुसऱ्याच्या हिशेबाने शून्य, त्यामुळे पुढचे रकाने सरकतात. हे सगळं खरं आहे. एमएलटर्मसारखे अपवाद सोडले तर बहुतेक टर्मिनल आपल्या लिपीपुढे गडबडतात. पत्र लिहायचं असेल तर टर्मिनल वापरू नका, मीही तेच सांगीन. पण हेक्स एडिटर पत्र लिहायला नसतोच. तिथे ‘क्ष’ सुंदर दिसायला नको आहे. क, पाय मोडणारं चिन्ह आणि ष असे तीन वेगळे दिसायला हवे आहेत. सुट्या मात्रेला टेकायला युनिकोडने ठिपक्यांचं वर्तुळ दिलेलंच आहे. त्यावर काना बसवला की रुंदीचा घोळही आटोक्यात येतो. इतरत्र जो टर्मिनलचा दोष, तो इथे कामाचा.

सुटं दाखवून काय मिळतं? ‘ॲड.’ हे वकिलांच्या नावाआधी लागणारं संक्षेपरूप घ्या. ते दोन प्रकारे टाइप होतं. युनिकोडने २००८ साली ॲ हे स्वतंत्र अक्षर दिलं. त्याचे बाइट तीन: ई०, ए५, बी२. त्याआधीची आणि अजूनही अनेक कीबोर्डांवर चालणारी रीत म्हणजे अ आणि त्यावर अर्धचंद्र, बाइट सहा. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. तालुक्याच्या बारमधल्या वकिलांची यादी दोघा कारकुनांनी भरली तर शोधात निम्मेच वकील सापडायचे. ‘दुसऱ्या’मधला र हाही असाच दोन वाटांनी येतो: कधी ऱ आणि पाय मोडणारं चिन्ह, तर कधी र, पाय मोडणारं चिन्ह आणि पाठोपाठ न दिसणारा एक जोडक, ज्याचे बाइट ई२, ८०, ८डी. न दिसणारं चिन्ह पकडायला डोळे वटारून उपयोग नाही, बाइट बघावे लागतात. ही तक्रार जपानी किंवा जर्मन माणसाची नाही. तुमची-माझी आहे.

याहून रोजचं उदाहरण देतो. मराठी नावांची यादी सीएसव्ही फाइल म्हणून येते, कुणीतरी ती दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडतं आणि नावांच्या जागी टोप्या-शेपट्या लावलेली रोमन अक्षरं उमटतात. कचेऱ्यांत याला सरळ ‘फाइल करप्ट झाली’ म्हणतात आणि यादी पुन्हा टाइप करायला बसतात. फाइल ठणठणीत असते. तिच्या सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट नसतात, म्हणून एक्सेल तिला यूटीएफ-८ मानायला तयार नसतं, इतकंच. ते तीन बाइट आत घुसवले की मराठी सरळ दिसते. आता गंमत पाहा. हेक्सएडिटमध्ये असलेला बाइट बदलता येतो, पण फाइलीच्या मधे किंवा सुरुवातीला नवा घुसवता येत नाही. बीव्हीआय या दुसऱ्या एडिटरमध्ये येतो, मात्र त्यासाठी आधी वेगळा पर्याय चालू करावा लागतो. शेलमध्ये एका ओळीच्या आज्ञेनेही हे काम होतं, हे मला ठाऊक आहे. ती ओळ ज्याला येते त्याला एक्सेलचा त्रास मुळात होतच नाही.

मग घुसवण्याची सोय का नसते? एक बाइट मधे घातला की त्यापुढचे सगळे एकेक घर सरकवावे लागतात. फाइल चार केबीची असेल तर कळतही नाही. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हची अख्खी प्रतिमा असेल तर यंत्र बसकण मारतं. यावरचा उपाय जुना आणि देखणा आहे. मूळ फाइलीला हातच लावायचा नाही. ‘इथून इथपर्यंत जुनं, मग हे तीन नवे, मग पुन्हा जुनं’ एवढी तुकड्यांची यादी ठेवायची. त्याला पीस टेबल म्हणतात. यादीतली नोंद मागे घेतली की केलेला बदल मागे गेला, म्हणजे ‘अनडू’ जवळपास आयतं मिळतं. साठवताना मूळ फाइलीवर थेट लिहायचं नाही. शेजारी नवी फाइल पूर्ण लिहायची, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करायची आणि मगच नाव बदलायचं. मधेच लाइट गेली तर जुनी शाबूत. मराठवाड्यात हा शेवटचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आमच्याकडची दुसऱ्या वर्षाची मुलं षोडशमानाची द्विमानात रूपांतरं कागदावर फाडफाड करतात. ‘डेटा स्ट्रक्चर’च्या पेपरात यादीची व्याख्या लिहून मार्क घेतात. या दोन गोष्टी एका खऱ्या फाइलीवर एकत्र आलेल्या त्यांनी पाहिलेल्या नसतात. आणि शेवटच्या वर्षाला काय करतात? ग्रंथालय व्यवस्थापन. रुग्णालय व्यवस्थापन. चेहरा ओळखून हजेरी. दरवर्षी तेच, कव्हरचा रंग बदलून. हा प्रकल्प कुठे, कितीला मिळतो, हे विद्यार्थ्यांना माहीत असतं, शिक्षकांना माहीत असतं, झेरॉक्सवाल्यालाही माहीत असतं. तोंडी परीक्षेनंतर तो प्रोग्राम पुन्हा कुणी उघडत नाही. टर्मिनलवरचा हेक्स एडिटर सुधारणं म्हणजे वेळेची नासाडी असं म्हणणाऱ्याला या वार्षिक नासाडीबद्दल कधी अवाक्षर काढताना मी ऐकलेलं नाही.

नोकरीचा मुद्दा मी टाळत नाही. लातूरने एका पॅटर्नने गावोगावच्या शेतकऱ्यांची पोरं मेडिकल-इंजिनिअरिंगपर्यंत नेऊन पोचवली. त्याची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. ज्यांच्या नावाशी तो पॅटर्न जोडला जातो ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणजे दोन्ही शहरांच्या शिक्षणावर एकाच माणसाची छाप आहे. पण पॅटर्नचा जोर ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं त्या प्रश्नावर असतो. चार पर्याय, एक गोल. फाइल का उघडत नाही, याला चार पर्याय नसतात. पुण्या-बेंगळुरूच्या मुलाखतीत आमची पोरं अडतात ती नेमकी इथे, आणि मग सगळं खापर इंग्रजीवर फुटतं. दुसऱ्याने लिहिलेला काही हजार ओळींचा सी किंवा रस्टमधला प्रोग्राम वाचायचा, त्यातली एक चूक हुडकायची, ती पुन्हा घडवून दाखवायची, दुरुस्ती धाडायची, सांभाळकर्त्याने ती परत पाठवली तर न चिडता पुन्हा लिहायची: नोकरीत गेल्यावर रोज हेच करायचं असतं. आणि हेक्स एडिटर एवढा छोटा असतो की दोन-तीन महिन्यांत तो संपूर्ण डोक्यात मावतो. ब्राउझर मावत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मावत नाही.

छोट्या साधनाला तुच्छ लेखू नये, याचा पुरावा जगाने मार्च २०२४मध्ये पाहिला. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं मुक्तस्रोत साधन वर्षानुवर्षं जवळजवळ एकटे लास्से कॉलिन सांभाळत होते. थकलेल्या त्या माणसाच्या मदतीला टोपणनावाने एकजण आला, दोनेक वर्षं भरवसा कमावत राहिला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. तो दरवाजा प्रोग्रामच्या वाचता येणाऱ्या ओळींत नव्हता. चाचणीसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींत दडवलेला होता. बायनरी फाइल कोण उघडून बघतो! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्याने खणत जाऊन प्रकरण बाहेर काढलं. बाइटांत डोकं घालायची सवय असलेली माणसं कमी असणं किती महाग पडू शकतं, हे यावरून समजावं. आणि अशा साधनांना एकट्या सांभाळकर्त्यापलीकडे चार हात हवेत, हेही.

राहिला चकचकीत खिडक्यांचा मुद्दा. इमहेक्स हे मुक्तस्रोत साधन उत्तम आहे. त्यात आपलं अक्षरकोष्टक जोडून वेगळा रकानाही दाखवता येतो. ज्याच्याकडे बरा लॅपटॉप आहे त्याने ते जरूर वापरावं. मात्र त्याला चित्रफलक लागतो, ओपनजीएल लागतं. बिघडलेली फाइल पुष्कळदा दूरच्या सर्व्हरवर असते, तिथे पोचायला एसएसएचची काळी खिडकी तेवढी असते. किंवा प्रयोगशाळेतल्या अशा यंत्रावर असते जे ब्राउझर उघडतानाच घामाघूम होतं. शिवाय टर्मिनलमधलं साधन दुसऱ्या आज्ञांना जोडता येतं. ही दोन्ही साधनं राहावीत. एक आहे म्हणून दुसऱ्याला रजा द्या, हा तर्क मला कळत नाही.

अक्षरकोष्टकाची कल्पना मात्र तिथून उचलण्यासारखी आहे. ती मुळात जपानी व्हिडिओ गेमचं हौसेने इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांमध्ये रुळली. गेमच्या चिपमधली अक्षरं कुठल्याही प्रमाण पद्धतीची नसायची, म्हणून ते ‘अमुक बाइट म्हणजे तमुक अक्षर’ असा साधा तक्ता करून एडिटरला द्यायचे. आपल्या छापखान्यांत नेमकी हीच परिस्थिती आहे. युनिकोड रुळण्याआधीची दोन दशकं मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीत, सायबरस्केपच्या आकृतीत, सी-डॅकच्या योगेश-सुरेख फॉन्टांत पेजमेकरवर जुळवला गेला. त्या फाइलींत मराठी नसतेच. फॉन्टच्या घरांचे क्रमांक असतात. फॉन्ट हरवला की मजकूर गेला. खरं तर १९९१च्या भारतीय मानकात, इस्कीमध्ये, ‘क’ला बी३ हा एकच बाइट ठरवून दिला होता, पण छपाईचं जग त्या वाटेने गेलं नाही. जिल्हा साप्ताहिकं, स्मरणिका, दिवाळी अंक, गावच्या इतिहासाच्या पुस्तिका अशा किती गोष्टी मराठवाड्यात सीडींवर पडून असतील. कुणीतरी मधेच अशी फाइल यूटीएफ-८ म्हणून साठवली तर दुखणं दुप्पट होतं. बाइटच्या आकड्यांपैकी वरच्या अर्ध्यातला बहुतेक प्रत्येक बाइट सी२ किंवा सी३ने सुरू होणारी जोडी होऊन बसतो. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण फाइलीला नेमकं काय झालंय हे आधी कळल्याशिवाय ते चालवणं म्हणजे अंधारात गोळी मारणं. रोग ओळखायला उजव्या रकान्यात श्रीलिपीचा तक्ता लावता यायला हवा. हे तक्ते करायला प्रोग्रामिंगही यावं लागत नाही. जुना डीटीपी ऑपरेटर ते कुणाहीपेक्षा चांगले करील.

‘यंत्रबुद्धी दोन मिनिटांत लिहून देईल,’ हा अलीकडचा आक्षेप. देईल. लिहून दिलेलं तपासायचं कुणी? कर्ल हे साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यंत्राने रचलेल्या खोट्या तक्रारींच्या पुराबद्दल जाहीरपणे वैतागले आहेत. हेक्स एडिटर माणसाच्या एकुलत्या एका प्रतीवर लिहितो. टीव्ही दुरुस्त करणारा जेव्हा बोर्डावरच्या चिपचा डम्प काढून, दोन बाइट बदलून तो परत मारतो, तेव्हा एक चुकीचा बाइट म्हणजे गिऱ्हाइकाचा बोर्ड कचऱ्यात.

आता विरोधकांचं जे पटतं ते सांगतो, कारण ते माझ्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही लागू आहे. नवा हेक्स एडिटर लिहू नका. आठवड्याच्या सुट्टीत रस्टमध्ये कोरा करकरीत एडिटर सुरू करायचा, त्याला आकर्षक नाव द्यायचं, चार चित्रं टाकायची आणि परीक्षा आली की सोडून द्यायचा, असे अर्धवट सांगाडे जगात उदंड आहेत. ‘काम आधीच झालंय’ हे वाक्य त्यांना उद्देशून असेल तर मी ते टाळ्या वाजवून स्वीकारतो. चालू असलेला, वापरात असलेला एडिटर निवडावा. पहिली गोष्ट म्हणून त्यात फक्त ‘नांदेड’ एवढा शब्द असलेली अठरा बाइटांची फाइल उघडावी, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं ते सांभाळकर्त्याला चार ओळींत लिहावं. मोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी चालतं; सोबत फाइल जोडलेली असली म्हणजे झालं.

आणि मग खरे प्रश्न सुरू होतात, ज्यांवर मराठी वाचणाऱ्याचंच मत हवं. उजव्या रकान्यात ‘क्ष’वर कर्सर आहे आणि कुणी खोडण्याची कळ दाबली. किती बाइट जावेत? षोडशमान रकान्यात एक, यात वाद नाही. मजकुराच्या रकान्यात एक गेला तर मागे मोडकं अक्षर उरतं. अख्खं जोडाक्षर, म्हणजे नऊ बाइट, एकदम न्यावं असं काहीजण म्हणतील, कारण माणसाला ते एकच अक्षर वाटतं. माझं मत तीनचं आहे: शेवटचा ष जावा, क आणि त्याचा मोडलेला पाय पडद्यावर सुटे राहावेत, आणि पुढे काय करायचं ते कळ दाबणाऱ्याने ठरवावं.